साखरेचा आकडा आणि मुलीचे मन

टाइप वन मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणारा मधुमेह) असलेली मुलगी हल्ली साखर मोजायला टाळाटाळ करते, म्हणून तिच्यावर कडक नजर ठेवावी, असा सल्ला पालकांना दिला जातो, तो मला पटत नाही. प्रत्येक घासाचे कार्बोहायड्रेट मोजणे, इन्सुलिनचा डोस ठरवणे आणि रात्री साखर घसरेल या धास्तीने झोपणे, याला एक दिवसही सुट्टी नसते. त्यातून येणाऱ्या थकव्याला ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ असे स्वतंत्र नाव आहे आणि तो आळस मुळीच नव्हे.

ग्लुकोमीटरवर, म्हणजे साखर मोजण्याच्या यंत्रावर, २६० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असा चढा आकडा दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, “काय खाल्लंस?” मुलीला ती उलटतपासणी वाटते आणि पुढच्या वेळी ती आकडाच लपवते. वास्तविक ताप, पाळी किंवा परीक्षेचा ताण यांनीही साखर चढते. “आता किती युनिट घ्यायचे, बघू या का?” एवढे विचारले तरी पुरते. साखर ७०च्या खाली गेल्यावरची चिडचिड पुष्कळदा मेंदूला ग्लुकोज कमी पडल्यामुळे असते. तेव्हा आधी १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, बोलणे नंतर. मात्र ती मुद्दाम इन्सुलिन चुकवत असेल, तर कीटोॲसिडोसिसचा (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेचा) धोका असल्याने त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे आणि समुपदेशकाची भेटही मागून घ्यावी.