रविवारी सकाळी गच्चीवर काय घासताय?

सेक्रेटरी: सुप्रभात. सकाळी ७ पासून गच्चीवरून खर्र खर्र आवाज येतोय, दोन तक्रारी आल्या आहेत. लिफ्टमध्ये लाकडाचा भुसाही पडलाय. कोणाकडे फर्निचरचं काम चालू असेल तर आधी कमिटीला कळवायचं असतं.

ए-२०१ ताई: पत्र्याच्या शेडखाली सी-५०२ चे काका आहेत. कपडे काढायला गेले तेव्हा बघितलं. सुतार वगैरे कोणी नाही, स्वतःच करतायत.

सी-५०२ काका: मीच तो. रंधा मारतोय, मशीन एकही नाही. आणि भुसा नव्हे, सालपटं आहेत ती. लिफ्ट झाडून घेतो.

बी-१०३: काका, रिटायर झाल्यावर आराम करायचा सोडून हे काय 😄

सी-५०२ काका: अहो हाच आराम! शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली ना, तिथल्या दारांच्या चौकटी भंगारवाला टेम्पोत भरत होता. वर ऑइलपेंटचे थरावर थर. एक कोपरा खरवडून पाहिला तर आत सागवान. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आता वखारीत पैसे मोजूनही पटकन मिळत नाही. दोन चौकटी उतरवून घेतल्या. पहिले दोन हात मारले की नुसता राखाडी कचरा निघतो, मग एकदम सोनेरी रंग वर येतो आणि तो वास... सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास. काल मिसेस वर आल्या होत्या बोलवायला, त्याही थांबल्या वास घेत.

बी-६०४ डॉक्टर: काका, तो जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात कितीही असू शकतं. गच्चीवर मुलं खेळतात. ओलं करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, खरवड वेगळी बांधून टाका. आणि मास्क एन-९५ च. लाकडाची बारीक धूळसुद्धा कॅन्सरकारक म्हणून नोंदलेली आहे, नाकातला कॅन्सर.

सी-५०२ काका: रंग पाणी मारूनच काढला, प्लास्टिकवर. मास्क मात्र लावत नव्हतो, आजपासून लावतो.

डी-३०४ निखिल: काका!! मला माहीतच नव्हतं आपल्या बिल्डिंगमध्ये अजून कोणी आहे. माझ्याकडे जपानी करवत आहे. ओढताना कापते, त्यामुळे पातं एकदम पातळ ठेवता येतं, काप केसासारखा येतो. बाल्कनीत बसून डव्हटेल (फळ्यांचे दात एकमेकांत अडकवायचे सांधे) करत असतो, बायको म्हणते एवढ्या वेळात दुकानातून टेबल आलं असतं.

सी-५०२ काका: आलं असतं की. पण एमडीएफचं, लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचं. रंध्याची धार कशावर लावतोस?

डी-३०४ निखिल: १००० ग्रिटच्या (दाण्याच्या) पाण्याच्या दगडावर. पात्याला २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३०.

ए-१०२ आजोबा: आम्हाला शाळेत टेक्निकलला सुतारकाम होतं. मास्तर पहिला महिनाभर लाकडाला हात लावू देत नसत, नुसती पटाशीला धार. तेलाच्या दगडावर आठचा आकडा काढायचा. धार लागली का हे बघायला मनगटावरचे केस काढून दाखवायचे. वर्गातल्या सगळ्यांचे डावे हात गुळगुळीत.

सी-५०२ काका: 😂 आजोबा, माझाही बघा हवं तर. पण एकदा धार बसली की जे सालपट निघतं ना, पेपरवर ठेवलं तर खालची बातमी वाचता येते. लाकडाच्या रेषेच्या उलट गेलं की मात्र ते उपटतं. मग फळी फिरवून दुसऱ्या बाजूनं सुरू करायचं. दोन तास जातात, कळत नाही.

डी-५०१: सागवानाचंच बोलताय तर, अयोध्येच्या राममंदिराचे दरवाजे आपल्या बल्लारशाच्या सागाचे आहेत. विदर्भाचा माल!

बी-४०२: 🙏🚩

सेक्रेटरी: विषयाला धरून बोला, फॉरवर्ड नकोत.

डी-५०१: फॉरवर्ड नाही हो, २०२३ मध्ये चंद्रपूरहून मिरवणुकीनं लाकूड गेलं होतं. मी मूळचा तिथलाच.

ए-२०१ ताई: आमच्या सावंतवाडीत उलटं, खेळण्यांना हलकं लाकूड लागतं. पांगारा. चितारआळीतली लाकडी फळं आमच्या शोकेसमध्ये आहेत, पाहुण्यांची मुलं पेरू चावून बघतात.

बी-१०३: काका, आता तुम्ही सापडलाच आहात तर, आमच्या आईच्या जुन्या कपाटाचा ड्रॉवर दर पावसाळ्यात अडकतो. रंधा मारून द्याल का?

सी-५०२ काका: आत्ता नाही मारणार. जुलैत तासला तर मार्चमध्ये खुळखुळेल. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. फूटभर रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते. साधी मेणबत्ती घ्या, ड्रॉवरच्या कडांना आणि खालच्या पट्ट्यांना घासा. तरी अडला तर कुठे चकाकी आलीय बघा, तिथेच घासतोय तो. तेवढंच पॉलिश पेपरनं हलकं काढा.

डी-३०४ निखिल: म्हणूनच जुन्या दारांत फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायचे, चिकटवत नसत. फुगायला जागा. आता फेविकॉल लावून जॅम करतात आणि पहिल्या हिवाळ्यात फळी तडकते.

बी-४०२: हे सगळं छान आहे, पण रविवारी ७ ला? आमच्याकडे नाइट शिफ्टवाले झोपतात. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल मर्यादा आहे.

सी-५०२ काका: बरोबर आहे. ९ नंतर बसतो. ठोकाठोकी असेल तर ११ नंतर.

डी-३०४ निखिल: मी टेबल सॉ, म्हणजे टेबलावरची विजेची करवत, घेणार होतो...

सेक्रेटरी: नाही.

ए-२०१ ताई: नाही.

डी-३०४ निखिल: बरं.

सेक्रेटरी: ९ ते १, शेडखालीच, जाताना झाडून. सामान गच्चीवर ठेवायचं की नाही ते मीटिंगला घेऊ. आणि कठड्यावर तेलाची फडकी वाळत घातली आहेत ती कोणाची? फार वाईट दिसतंय. वॉचमनला बोळा करून डस्टबिनमध्ये टाकायला सांगतोय.

सी-५०२ काका: थांबा थांबा, टाकू देऊ नका!! जवसाच्या तेलाची आहेत. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळा करून डब्यात कोंबली तर आतल्या आत तापून काडी न लावता पेट घेऊ शकतात. म्हणूनच सुटी पसरून ठेवली आहेत. कडक झाली की पाण्यात भिजवून मग टाकतो.

बी-६०४ डॉक्टर: हे खरं आहे.

सेक्रेटरी: वॉचमनला फोन केला. अजून हात लावला नव्हता. काका, तिथे एक पाटी लावा कृपया.

सी-५०२ काका: लाकडीच लावतो.

बी-१०३: मेणबत्ती घासली. ड्रॉवर सरकन उघडला 👏 आत गेल्या वर्षीचं मेंटेनन्सचं बिल सापडलं.

सेक्रेटरी: भरलंय का ते?