एसीचा गॅस भरतात, लीक शोधत नाहीत – मदत हवी आहे
कोथरूडमधल्या एका दुकानाने दीड टनी स्प्लिट एसीत आर-३२ गॅस भरला. महिनाभरात थंडावा गेला. आता म्हणतात, "गॅस संपतोच", परत पैसे द्या! बंद सर्किटमधला गॅस वापराने संपत नाही, गळतो. फ्लेअर नटपाशी (पाइप जोडणारा नट) तेलकट डाग आहे, पण कॉइललाही छिद्र असू शकतं. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणपाण्याने तपासा, मग व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा काढून) आउटडोअर युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरा, एवढंच मागणं. उत्तर एकच: "माणूस पाठवतो."

बिलावर नुसतं 'गॅस चार्जिंग', वॉरंटीचा उल्लेख नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीआधी लेखी नोटीस द्यावी का? दुसऱ्या मेकॅनिकचा लीक-टेस्टचा लेखी रिपोर्ट जिल्हा ग्राहक आयोगात उपयोगी पडतो का? आणि नायट्रोजन सिलिंडर घेऊन येणारा कुणी कर्वेनगर भागात आहे का?