मदत हवी आहे: आईच्या कानात कोलेस्टिअटोमा, कोणतं ऑपरेशन करावं?

नमस्कार मंडळी. आईचा उजवा कान वर्षानुवर्षं फुटायचा, थेंब टाकले की थांबायचा. यंदा मात्र घाण वासाचा पू थांबेना, ऐकूही कमी येऊ लागलं. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली तपासलं. पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन खिसा झालाय आणि त्यात मेलेली कातडी साठत गेलीय, यालाच कोलेस्टिअटोमा म्हणतात असं ते म्हणाले. सीटी स्कॅनमध्ये ऐरणीचं हाड (मधल्या कानातलं, आवाज आत पोचवणारं छोटं हाड) झिजलेलं दिसतंय. हा कॅन्सर नाही, पण औषधाने जात नाही आणि हाड पोखरत चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे ऑपरेशन करायचं हे नक्की. (लसणाचं तेल सुचवणाऱ्या आत्याला हात जोडलेत!)

घोडं अडलंय पुढे. एक डॉक्टर म्हणतात, कानाच्या नळीची मागची भिंत राखून मॅस्टॉइड (कानामागचं हाड) साफ करू. मात्र आत काही उरलंय का हे पाहायला साधारण वर्षभराने पुन्हा ऑपरेशन किंवा डिफ्यूजन एमआरआय लागेल. दुसरे म्हणतात, भिंत काढूनच टाकू. परत होण्याची शक्यता कमी, पण त्यामुळे कानात होणारी पोकळी कायम साफ करून घ्यावी लागेल आणि कानात पाणी जाणार नाही हे जपावं लागेल. आम्ही चिपळूणला राहतो, आईला मधुमेह आहे, दर खेपेला पुणं-मुंबई गाठणं अवघड. मला दुसरा पर्याय बरा वाटतो, बाबांना पहिला.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: पोकळीचा रोजचा त्रास कितपत? हाडाच्या जागी कृत्रिम हाड त्याच वेळी बसवलं की नंतर? ऐकू किती आलं? ऑपरेशननंतर चक्कर, चव जाणं असं काही झालं का? खर्चाचा अंदाजही चालेल.