मदत हवी आहे: काँटेसात क्रिस्टाचं इंजिन बसवलं, नव्वदला सीटखाली भुंगा शिरतो

नमस्कार मंडळी,

गाडी १९९१ची काँटेसा क्लासिक, १.८. अण्णांनी १९९६ साली एका जिनिंगवाल्याकडून घेतली, पासिंग एमएच २०. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी हिच्यात बसून देवदर्शन केलंय, त्यामुळे अंबाजोगाईत ही गाडी आमच्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. नंतर इंजिनाचं हेड तडकलं, आणि पुढची अकरा वर्षं ती वाड्यात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. हे खोटं वाटेल, पण सीट झटकली तेव्हा टरफलं निघाली.

जुनं इसुझू इंजिन उभं करायला पार्ट मिळेनात. मग डोक्यात किडा शिरला. अपघातातल्या इनोव्हा क्रिस्टाचं २.७ पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स बिलासकट मिळाला. मूळ इंजिन अठ्ठ्याऐंशीच्या आसपास घोड्यांचं, हे १६६ चं, म्हणजे जवळपास दुप्पट. काँटेसाही मागच्या चाकांवर चालणारी आणि क्रिस्टाही, इंजिन दोघींत उभंच बसतं, म्हणून हिंमत केली.

अट एकच होती, अण्णांची: बाहेरून काडीचाही फरक दिसायचा नाही. तेच पत्र्याचे रिम, तेच व्हीलकॅप, बोनेटला फुगवटा नाही, मागची १.८ ची पाटी तशीच. कॉलेजच्या पोरांना मी हौसेनं सांगितलं, याला स्लीपर म्हणतात. एक जण म्हणाला, "म्हणजे लातूर-मुंबईचा डबा का काका?" बाकी अमेरिकेत १९६४ ला पोन्टियाकनं मधल्या आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं धूड टाकून जीटीओ काढली, तिथून मसल कारची लाट उठली असं मानतात. तिथल्या पोरांनी पुढं साध्या दिसणाऱ्या गाड्यांत तसलीच इंजिनं लपवली. आमचं आपलं चार सिलिंडरचं गरिबाघरचं रूप.

आता रडगाणं. ८० पर्यंत गाडी लोण्यासारखी. ८५ ला सीटखाली भुंगा बसल्यासारखी भुणभुण सुरू होते, ९० ते ९५ मध्ये आरशात मागची गाडी दिसेनाशी होते, १०५ च्या पुढं जरा कमी. हे वेग मोबाईलच्या जीपीएसवरचे. मूळ मीटरला केबल लागते, नव्या गिअरबॉक्सला सेन्सर आहे, त्यामुळे काटा शून्यावर झोपलेला असतो. स्टिअरिंगला काही नाही. चारही चाकं दोनदा बॅलन्स केली. जॉईंट शाफ्ट (गिअरबॉक्सचे फेरे मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) नवा बनवून घेतला, एका तुकड्याचा, दोन्ही टोकांना नवे क्रॉस, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे. बनवणाऱ्याकडे परत गेलो तर म्हणाला, "शाफ्ट ओके आहे, इंजिनच तसलं आहे." इंजिन फौंडेशनचे रबर बदलले, फरक शून्य. आतापर्यंत शाफ्ट तीनदा खाली उतरवलाय आणि दर वेळी मजुरी वेगळी.

दुसरं, मे महिन्यात लातूरला गांधी चौकात अडकलं की पाण्याचा काटा चढतो. रेडिएटर जुनाच आहे. २०१६ ला जलदूत रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तसं मीही डिक्कीत वीस लिटरचा कॅन घेऊन फिरतो. पण हे नंतर बघू, आधी भुंगा.

कुणी असलं काम केलंय का? कुठून सुरुवात करू?

– मांजराकाठ

खरादवाला: मांजराकाठ, अंदाजानं पार्ट बदलणं आधी थांबवा. एक चाचणी करा. मोकळा रस्ता बघा, ९५ ला गाडी न्या, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि नुसती वाहू द्या. इंजिन चालूच ठेवा, बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर जातो. भुणभुण राहिली तर इंजिन सुटलं आणि गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी धरलं. गेली, तर मला खोटं पाडा.

गोदाकाठची_रेवा: माझी शंका मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर. हाऊसिंगखाली (मागच्या चाकांचा आस ज्यात असतो ते कवच) पाचर टाकून बघा, आमच्या जीपला त्यानंच आराम पडला.

खरादवाला: रेवाताई, जीपचं बरोबर, पण काँटेसाला मागे पाटे नसतात. स्प्रिंगा आहेत आणि हाऊसिंग दांड्यांवर धरलेलं आहे. पाचर बसवायला जागाच नाही.

मांजराकाठ: काल पहाटे रेणापूरच्या अलीकडे करून पाहिलं. न्यूट्रलमध्ये भुणभुण तशीच. जोर काढला म्हणून थोडी कमी झाली असेल, पण गेली नाही.

खरादवाला: मग इंजिनाला क्लीन चिट. आता चाक की शाफ्ट, एवढंच. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड लावा. गाडी न्यूट्रलमध्ये. उचललेलं चाक हातानं बरोब्बर दोनदा फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून शाफ्टचे फेरे मोजा. (एकच चाक फिरतं तेव्हा दोन चाकांत फेरे वाटणारं डिफ्रेंशियल निम्माच हिशोब देतं, म्हणून दोनदा.) टायरचा साईजही सांगा.

मग मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झचा आवाज किती ते, दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, फोन मागच्या सीटवर ठेवा, ९० ला कुठल्या हर्ट्झवर सुळका येतो ते कुणाला तरी बघायला सांगा. हे पाचव्या गिअरमध्ये करा, चौथ्यात नाही. चौथा बहुतेक एकास एक असतो, तिथे इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखेच. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देतं, बिघडलेला क्रॉसही दोनच देतो. चोर ओळखू येणार नाही.

मांजराकाठ: टायर १८५/७० आर १४. शाफ्टचे फेरे चारला किंचित कमी, ३.९ धरतो. पुतण्याला मागे बसवलं. ९० ला सुळका १०० ते १०२ वर. ७० ला ७८-७९ वर, पण बारीक.

खरादवाला: सापडलं. हिशोब बघा. हा टायर एका फेऱ्यात साधारण १.९३ मीटर जातो. ९० ची गती म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाचे १३ फेरे. चाकाचा दोष असता तर १३ हर्ट्झची जाड थरथर असती, स्टिअरिंग नाही तर सीट हलली असती. शाफ्ट फिरतो १३ गुणिले ३.९, साधारण ५०. शाफ्टचा बॅलन्स गेला असता तर सुळका ५० वर आला असता. तुमचा आलाय १०० वर. फेऱ्याला दोन धक्के. हे क्रॉसच्या कोनाचंच लक्षण.

क्रॉस सरळ असतो तोवर निमूट फिरतो. वाकून फिरला की एका फेऱ्यात दोनदा पुढच्या भागाला घाई करतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलट बसला तर हे सगळं फिटतं. नाही तर ते सगळं तुमच्या बुडाखाली. कोन दुप्पट केला तर धक्का चौपट होतो, म्हणून एकदोन डिग्रीकडे कानाडोळा करू नका.

गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर ठेवून तीन कोन मोजा: गिअरबॉक्सची शेपटी, शाफ्ट, पिनियनचं नाक (हाऊसिंगचं शाफ्टला जोडलेलं पुढचं टोक). शाफ्टची दोन्ही योकं (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत वेल्ड झालीत का तेही बघा. चुकीच्या फेजमध्ये वेल्ड केलं तरी हेच लक्षण दिसतं.

वकीलसाब_नांदेड: मध्येच बोलतो, राग मानू नका. इंजिन बदलाची आरटीओत परवानगी घेतलीय का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कडकपणे सांगितलंय. २०१९च्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं एक वेळ सोडा. उद्या गाडी कुणाला लागली आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळला नाही, तर विमा कंपनी हात वर करील. आणि कुणी म्हणेल व्हिंटेजमध्ये नोंदवा, तर २०२१च्या त्या नियमांत गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि तिच्यात मोठे बदल चालत नाहीत. तुमची दोन्हींत नापास.

मांजराकाठ: वकीलसाहेब, राग कशाचा, बरोबर बोललात. बिलं सगळी आहेत, पण अर्ज केलेला नाही. आधी गाडी नीट झाली की बघू असं म्हणत राहिलो. सोमवारी अंबाजोगाईच्या कार्यालयात जाऊन विचारतो, तोवर रस्त्यावरच्या चाचण्या बंद.

कोन मोजले. गिअरबॉक्सची शेपटी साडेसहा डिग्री खाली. शाफ्ट मागे एक डिग्री खाली. पिनियनचं नाक दोन डिग्री वर. योकं एका रेषेत आहेत.

खरादवाला: म्हणजे पुढचा क्रॉस साडेपाच डिग्रीवर आणि मागचा एकवर. भुंगा नाही, ढोल वाजायला हवा होता! शेपटी एवढी खाली का सोडलीय?

मांजराकाठ: इथंच खरी गोम आहे. क्रिस्टाचा गिअरबॉक्स जाडजूड, काँटेसाच्या बोगद्यात (गिअरबॉक्ससाठी तळाच्या पत्र्याला दिलेल्या उंचवट्यात) बसेना. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले होते. ग्राइंडर काढला तसे म्हणाले, "पत्रा कापायचा नाही. सांगूलालो ना तुला." मग मिस्त्रीनं गिअरबॉक्स धरणारी मागची पट्टी खाली केली आणि इंजिन तिरकं बसवलं. वरून सगळं जसंच्या तसं.

खरादवाला: अण्णांचा मान राहू द्या. कापू नका, ठोका. गिअरबॉक्स उतरवा, ज्या जागी अडतो तिथे गिअरबॉक्सला ओला चुना फासा, वर चढवून दाबा, उतरवा. बोगद्याला चुना लागेल तेवढीच जागा लाकडी हातोड्यानं वर घ्या. कार्पेटखाली अर्ध्या इंचाचा उंचवटा कुणाच्या बापाला दिसणार नाही. (अण्णांची माफी मागून.) मग पट्टी वर घ्या, शेपटी साडेचार डिग्रीच्या आसपास आणा. शेपटी वर आली की शाफ्टचा उतारही बदलेल, म्हणून तिन्ही कोन पुन्हा मोजा.

नंतर पिनियन. हाऊसिंगच्या वरच्या दांड्या लांब केल्या की नाक वर जातं. नाकाचा कोन शेपटीच्या बरोबरीचा हवा, पण डिग्रीभर कमीच ठेवा, कारण जोर पडला की नाक आपोआप वर उठतं. २४५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, ते उठणारच. दांड्यांचे रबर जुने असतील तर ते आधी बदला, नाही तर आज मोजलेलं उद्या खोटं ठरेल.

गोदाकाठची_रेवा: आणि ब्रेक? घोडे दुप्पट केले, लगाम तोच का?

मांजराकाठ: रेवाताई, पुढे डिस्क आहे, मागे ड्रम. कॅलिपर, मास्टर सिलिंडर, होज सगळं नवं भरलं. तरी १०० वरून थांबवताना मनात योगेश्वरीचं नाव येतंच. पुढच्या मोठ्या डिस्कचं काम यादीत आहे.

मांजराकाठ: (बारा दिवसांनी) अपडेट. चुन्याची युक्ती जमली, गिअरबॉक्स दोन ठिकाणीच अडत होता. शेपटी चाळीस मिलिमीटर वर घेतली. आता गिअरबॉक्स साडेचार, शाफ्ट पावणेतीन, पिनियन अजून दोनवरच. रस्त्यावर काढलेली नाही, वकीलसाहेब. मागची दोन्ही चाकं अधांतरी, हाऊसिंग लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवलेलं, पुढे ओंडके, आणि नव्वदचे फेरे दिले. काचेचा ग्लास पाण्यानं भरून मागच्या सीटवर ठेवला होता. आधी असंच केलं तेव्हा पाण्यावर जाळीसारखी नक्षी उठायची. आता कडेला एक बारीक रिंगण, बस. अ‍ॅपवर १०० चा सुळका शोधावा लागतो.

कार्यालयात साहेबांनी बिलं बघितली, लेखी अर्ज घेतला. इंजिन वेगळ्या कंपनीचं आहे म्हणून मंजुरी अवघड असल्याचं तोंडावर सांगितलं. निर्णय येईपर्यंत गाडी वाड्यातच.

अण्णांनी कार्पेट उचलून बोगदा बघितला. हात फिरवला, उंचवटा चाचपला, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "१.८ ची पाटी पुसली का रे?"

आता वरच्या दांड्या उरल्यात. लांबी कमीजास्त करता येईल अशा आट्यांच्या दांड्या वाळूज किंवा चिकलठाण्याकडे कुणी बनवून देईल का? जाड पाईप, दोन्ही टोकांना रबर बुश, एका बाजूला उलटी आटी हवी. मूळ दांडी नमुन्याला पाठवतो.

खरादवाला: रिंगण उरलंय ते पिनियनचं. दांडी पाठवा, मी वाळूजलाच आहे. बुशचा आतला व्यास कॅलिपरनं मोजून कागदावर लिहा, जुन्या रबरावर भरवसा ठेवू नका.