मदत हवी आहे: मर्यादवेलीचा पाला कसा लावायचा?

गुहागरच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढे वाळूत, मर्यादवेल नुसती माजलीय. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, सकाळी उमलणारी जांभळट-गुलाबी फुलं, देठ तोडला की पांढरा चीक. तेव्हा ओळखण्यात चूक नाही.

आई गुडघ्यांनी बेजार आहे. डॉक्टरांचं चालूच आहे. आजी हा पाला सुजेवर बांधायची एवढंच आईला आठवतं. तव्यावर गरम करून की वाटून, ते नाही. कुणाच्या घरी वापरलाय का? चिकाने खाज सुटते का? (पोटात घ्यायचे उपाय नकोत, रताळ्याची बहीण असली तरी.)

आणि फांदीचा तुकडा पुण्यात कुंडीतल्या वाळूत जगेल का? मुळासकट उपटणार नाही, तिथली वाळू तिनेच धरून ठेवलीय.