हॉलिवूडच्या यामाशिरो या जपानी रेस्टॉरंटमध्ये आईबाबांना न्यावं का?

प्रश्न: त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत. आई मासे खात नाही. नुसता तिथून दिसणारा देखावा बघायला जावं का?

उत्तर: न्याच! बर्नहायमर बंधूंनी आपला आशियाई कलासंग्रह ठेवायला १९१४ च्या सुमारास टेकडीवर बांधलेला वाडा आहे तो. कंदील, कोरीव लाकूड, मधल्या चौकात बाग... नाटकाच्या सेटसारखं वाटतं, पण मला तो भपका आवडतो. सूर्यास्ताआधीचं टेबल घ्या. खाली लॉस एंजेलिसचे दिवे लागायला लागले, तसे आमचे सासरे सुशी विसरले.

दुसरं उत्तर: जपानहून आणलेला पॅगोडाही दाखवा.

प्रश्नकर्ता: आणि आईचं जेवण?

पहिलेच: एडामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), भाज्यांचा टेंपुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या). मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप मात्र विचारून घ्या, ते ज्या दाशीत, म्हणजे जपानी रश्श्यात, करतात त्यात बहुधा मासा असतो. टेंपुराच्या सॉसमध्येही!