ऑस्टिन आणि कमिशनचा हिशेब
इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनला प्रकाशकांनी कायम लुबाडलं, असं म्हणतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'पुरतं ते पटतं. तिला १५० पौंड हवे होते, प्रकाशक एगर्टननं ११० पौंडांत हक्कच विकत घेतले आणि पुढच्या आवृत्त्यांचा नफा त्याच्या खिशात गेला. पण बाकीची पुस्तकं कमिशनवर निघाली, हे लक्षात घ्यायला हवं. कागद, छपाई, जाहिरात हा सगळा खर्च लेखिकेच्या अंगावर, प्रकाशकाला विक्रीवर साधारण १० टक्के, हक्क मात्र लेखिकेकडेच. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) असंच निघालं आणि पहिली आवृत्ती संपल्यावर १४० पौंड सुटले.

याच पद्धतीनं पुढे दगा दिला. पुढचा प्रकाशक जॉन मरे यानं 'एमा'सोबत 'मॅन्सफील्ड पार्क' आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' अशा तिन्हींच्या हक्कांचे मिळून ४५० पौंड देऊ केले होते, ते नाकारले गेले. 'एमा'च्या २,००० प्रती छापल्या, त्यात नफाही झाला. पण 'मॅन्सफील्ड पार्क'ची दुसरी आवृत्ती पडून राहिली आणि तिचा तोटा त्याच नफ्यातून वळता झाला. जिवंतपणी 'एमा'चे हातात पडले जेमतेम ३९ पौंड! यात लबाडी कसली, करारच तसा होता.